रंजनाची उकल

उगल्यांच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती.

पुढच्या दाराला नव्हती, मोरीला नव्हती, कपाटालाही नव्हती. मोरीत कुणी गेलं की आतून पाण्याची बादली दाराला लावायची आणि अधूनमधून खाकरायचं, ही त्या घराची रीत. फ्रिजचं दार लागताना धप् आवाज होतो, म्हणून रंजना फ्रिजला हात लावत नसे. दूध ठेवायचं, दूध काढायचं, हे काम नवऱ्याचं. येणारे-जाणारे हसत. "दत्तूभाऊ, चोरांना आमंत्रणच दिलंय की तुम्ही," असं म्हणत. दत्तू म्हणायचा, "येऊ द्या. फ्रिज उघडायला माणूस पाहिजेच आहे."

हसण्यावारी नेलं तरी कारण सगळ्या बोरदरा गावाला माहीत होतं. निदान माहीत आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

अकरा वर्षांपूर्वी कादवा नदीच्या काठावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये थंडाव्याच्या यंत्रातून अमोनिया गॅस सुटला होता. तेव्हा तिथे बायका जोडीजोडीने काम करत. एकीने घड देठाला धरून उचलायचा, मण्यावरची पांढरी साय पुसू द्यायची नाही, बाकदार कात्रीने खराब मणी काढायचे. दुसरीने वजन करून डब्यात भरायचं. जोडी एकदा जमली की हंगामामागून हंगाम तीच राहायची. रंजना उगले आणि मंदा निरगुडे यांची जोडी नऊ हंगामांची. एकीने भाकरी आणायची, दुसरीने भाजी, आणि दोघींनी मिळून मुकादमाची नक्कल करायची.

त्या दिवशी दोघी थंड खोलीत पेट्या रचत होत्या. वास आला. रंजना दाराजवळ होती, ती बाहेर पडली. मंदा आत राहिली. गॅसच्या लोटात काही दिसत नसताना अग्निशमनवाल्यांनी कुऱ्हाडीने दार फोडलं तोवर सगळं संपलेलं होतं. अहवालात लिहिलं गेलं, 'दार अडकले होते.'

दार अडकलं नव्हतं. त्या दाराचं रबर झिजलं होतं, थंडावा बाहेर जायचा, म्हणून मालकाने बाहेरून लोखंडी कडी बसवून घेतली होती. जो शेवटी बाहेर पडेल त्याने डाव्या हाताने दार ओढायचं, उजव्याने कडी टाकायची. मुकादम दिवसभर तेच ओरडायचा, "मागं बघू नका, दार ओढा." नऊ हंगामांत ते हातांत इतकं भिनलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. वास आला, रंजना पळाली, उंबरा ओलांडला, आणि तिच्या हातांनी दार ओढून कडी टाकली. फाटकापाशी पोचल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. ती परत आली, पण डोळे फुटायला आले, श्वास कोंडला, दारापर्यंत पोचता आलं नाही. आतून मंदाने दार पाच-सहा वेळा वाजवलं. मग वाजवलं नाही.

दाराबरोबर कडीही तुटून पडली. ती कुणी टाकली, हे फक्त रंजनाला आणि दत्तूला ठाऊक होतं.

मंदाची मुलगी ईश्वरी तेव्हा नऊ वर्षांची. बापाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि सिन्नरला बिऱ्हाड हलवलं. रंजनाला मूल नव्हतं. मुलगी तिच्याकडेच राहिली, तिच्याच ताटात जेवून मोठी झाली. आता वीस वर्षांची होती. बागांवर औषध फवारणारी ड्रोन चालवायची, पिंपळगावला मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची आणि दर रविवारी येऊन रंजनाच्या केसांना तेल लावायची. चांदवडच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, कन्यादानाला आईच्या पाटावर तू बसायचं. तू आणि काका. बापाला बोलावणार आहे, पण जेवायला."

रंजना 'बरं' म्हणाली. मग चुलीवरचा तवा तसाच ठेवून मागच्या अंगणात गेली आणि पाठीला भिंत लावून बसली.

त्या पाटावर सांगितल्याशिवाय बसायचं नाही, हे तिने त्या क्षणी ठरवलं. आजवर तीनदा तिने सांगून पाहिलं होतं. पोरीची पाळी सुरू झाली तेव्हा, दहावी झाली तेव्हा, आणि मागच्या संक्रांतीला. दर वेळी 'दार' हा शब्द तोंडात आला की घसा आवळायचा, उजव्या हाताची मूठ वळायची, गुडघ्यांपासून कापरं भरायचं आणि दातखीळ बसायची. ईश्वरीला वाटायचं, मावशीला आईची आठवण आली. ती मिठी मारायची आणि म्हणायची, "नको ना बोलू त्या दिवसाचं." म्हणजे ज्या कापऱ्याने रंजनाचं तोंड बंद व्हायचं, त्याच कापऱ्यामुळे पोर तिच्यावर अधिक जीव लावायची.

*

उकल उपचार तोवर तालुक्यात सगळ्यांना ऐकून माहीत झाला होता. अपघात, आग, पूर, बाळंतपणातले हाल, कशातूनही वाचलेल्या माणसाला सरकारी खर्चाने सहा बैठका मिळत. घरातलं माणूस गेलेली म्हणून ईश्वरीलाही पत्र आलं होतं. तिने ते फाडून टाकलं. म्हणाली, "आईचं माझ्याजवळ एवढं दुखणंच आहे. तेही देऊन टाकू का?"

नाशिकच्या केंद्रातली डॉक्टर दाबके पस्तिशीची, शांत बोलणारी होती.

"तुम्ही समजता तशी आठवण म्हणजे फोटो नसतो," ती म्हणाली. "आठवण काढली की ती ओली होते. चार-पाच तास ओली राहते आणि मग पुन्हा सुकते. ओली असताना तिच्यात जे मिसळेल, ते तिच्यासकट सुकतं. तुम्ही दर वेळी ती काढलीत तेव्हा तुमची भीतीच तिच्यात मिसळत गेली. आठवण दर वेळी जास्त कडक झाली."

"मग पुसून टाकणार?"

"नाही, एक शब्दही पुसणार नाही. आठवणीचे दोन भाग असतात. काय घडलं ते मेंदूत असतं. आणि तेव्हा शरीराने काय केलं, ते शरीरात. मेंदूच्या बुडातून एक लांब नस निघते. घसा, काळीज, पोट असं सगळीकडे फिरून येते. तुमचं शरीर त्या नसेतून अजून रोज कळवतंय की गॅस सुटलाय. ते आपल्याला थांबवायचंय. तुम्ही हे जाकीट घालून आठवण काढायची. तुमचा श्वास, स्नायू, ठोके जाकीट वाचेल आणि अंग आवळेल नेमकं तेव्हा नसेला उलटा निरोप देईल, की सुटका झाली. आठवण त्या निरोपासकट सुकेल."

रंजनाने विचारलं, "मला बोलता येईल?"

"सगळं येईल."

"मग द्या."

डॉक्टर जराशी घुटमळली. कागदावर सही घेताना म्हणाली, "एक सांगायला हवं. भीती आणि खंत यांच्या शरीरात वेगळ्या खोल्या नसतात. एक सैल झाली की दुसरीही होते. बहुतेकांना त्याचं बरंच वाटतं."

रंजनाने सही केली. अकरा वर्षं जिच्या मानगुटीवर दोन्ही बसल्या होत्या, ती बाई कोणती आधी उतरते याची चौकशी कशाला करेल?

पहिल्या बैठकीत ती 'दार' इथपर्यंत आली आणि चार मिनिटं नुसती कापत राहिली. त्याचं चित्रीकरण झालं. उपचाराआधी माणूस कुठे होतं, हे नंतर त्याला दाखवायची तिथे पद्धत होती. दुसऱ्या बैठकीत ती कडीपर्यंत पोचली. चौथ्या बैठकीत मंदाने दार वाजवलं ते तिने बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं. सहाव्या बैठकीत सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि विचारलं, "पाणी मिळेल का? घसा सुकला बोलून."

घरी आल्यावर तिने फ्रिज उघडला, दही काढलं आणि पायाने दार ढकललं. धप्. दत्तू भाजी निवडत होता, तो दचकला.

"झालं का काही?"

"काही नाही झालं."

आठवड्याभरात सुताराकडून मोरीला कडी बसली. रंजनाचे गाल भरले. ती दुपारची झोपायला लागली आणि घोरायला लागली. दत्तू म्हणाला, "अकरा वर्षं तू ओरडायची म्हणून जागा राहिलो. आता घोरते म्हणून जागा आहे. माझी उकल कोण करणार?" ती मनापासून हसली. त्याने ते हसणं किती वर्षांनी ऐकलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आलं नाही.

पूर्वीच्या बायकांना एक गोष्ट पक्की माहीत होती. घरात माणूस गेलं आणि एखादी सून कोरड्या डोळ्यांनी बसली, तर म्हाताऱ्या बायका तिच्याभोवती जमत. "रडवा गं तिला" म्हणत. तिच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाचा एकेक गुण आळवून, तिला रडवल्याशिवाय उठत नसत. माहेरची कुणी भेटली की आधी गळ्यात गळा, मग हेल काढून रडणं, आणि मगच चहापाणी. परक्याला ते नाटक वाटे. पण दोन देह एकमेकांना धरून हलत, तेव्हा एकीचं दुसरीला पोचत असे. शब्दांवर कुणी विसंबत नसे. शब्द काय, कुणीही बोलतं.

*

लग्नाला तीन आठवडे होते. रुखवतात द्यायच्या कुरडया घालायला ईश्वरी सकाळीच आली. दोघी गच्चीवर होत्या. ऊन कोवळं होतं, चीक छान शिजला होता. ईश्वरी प्लॅस्टिकचा कागद ताणून कडांना दगड ठेवत होती. रंजना सोऱ्या फिरवत होती. आत्ता सांगावं, असं रंजनाला वाटलं. घसा मोकळा होता, मन स्वच्छ होतं.

"ईश्वरी, तुला एक सांगायचं राहिलंय. तुझी आई आत असताना दाराची कडी मी लावली."

ईश्वरीच्या हातात दगड होता. "कुठल्या दाराची?"

"थंड खोलीच्या. वास आला तशी मी पळाले. बाहेर पाऊल पडलं आणि रोजच्यासारखं दार ओढलं, कडी टाकली. मंदा तिसऱ्या मांडणीपाशी होती. मला कळलं तेव्हा मी फाटकाशी होते. परत आले, पण जवळ जाता येईना. तिनं आतून दार वाजवलं, पाच-सहा वेळा. मग थांबली. अहवालात दार अडकलं म्हणून आलं. मी काही बोलले नाही."

ईश्वरीने दगड दुसऱ्या हातात घेतला. खाली रस्त्यावरून भाजीची गाडी गेली.

"हे खरं आहे?"

"खरं आहे. पाटावर बसायच्या आधी तुला कळायला पाहिजे होतं."

"अकरा वर्षं."

"बोलता येत नव्हतं. आता येतं."

"हो, येतंय की," ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मावशी, तू हात पण थांबवला नाहीस."

रंजनाने खाली पाहिलं. हात चालूच होता. बोलता बोलता तिने चार कुरडया घातल्या होत्या, चारही गोल, सुबक, एकसारख्या.

ईश्वरीने दगड खाली ठेवला. जिना उतरून ती गेली.

*

दत्तू दोनदा पिंपळगावला जाऊन आला. पहिल्या खेपेला ती भेटली नाही. दुसऱ्या खेपेला भेटली, त्याला चहा दिला, आणि तो उठेपर्यंत रडत राहिली.

"काय म्हणाली?" रंजनाने विचारलं.

"म्हणाली, चूक कळते मला, काका. सवयीचा हात आहे, माझाही चालतो तसा. तिनं मुद्दाम केलं नाही. पण गॅस संपला असं सांगावं तसं तिनं सांगितलं. माझी आई मेली ते." दत्तूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणाली, पाटावर आता दुसरं कुणी बघते. आत्या येते म्हणाली आहे."

"उपचाराचं सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं. ती म्हणाली, ज्या दुखण्यामुळे ती माझी होती, ते तिनं सरकारी दवाखान्यात टाकून दिलं आणि मग माझ्याकडे आली."

रंजना विचार करत राहिली. पोर तिला हवी होती, अगदी पहिल्यासारखी हवी होती. हातातल्या तेलाच्या वाटीसकट हवी होती. ते हवंसं वाटणं कुठे गेलं नव्हतं. पण ते आत कुठेतरी सपाट पडून होतं. त्यातून उमाळा उठत नव्हता, हुंदका येत नव्हता. तिने मंदाचं दार वाजवणं आठवून पाहिलं. नीट आठवलं. मग तिला आठवलं की कुरडया डब्यात भरायच्या राहिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली.

"परत द्या मला ते," ती डॉक्टर दाबकेला म्हणाली.

"काय परत द्यायचं?"

"कापरं."

डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. "रंजनाताई, ते काढून कुठे ठेवलेलं नसतं. आठवण नव्याने सुकली आहे. पुन्हा ओली करून तिच्यात भीती घालायची म्हणजे तुम्हाला पुन्हा गॅसमध्ये कोंडावं लागेल. ते कुणी करणार नाही." मग ती म्हणाली, "तुमच्या आधीच्या नोंदी मी त्या मुलीला दाखवू शकते. ठोके, श्वास, पहिल्या बैठकीचं चित्रण. अकरा वर्षं तुम्ही काय सोसलंत, ते तिला दिसेल. चित्रण तुमच्या फोनवर पाठवते. तुम्हीच तिला द्या."

"फोनवर?"

"हो. त्यात सगळं आहे."

"आमच्यात रडणं पाठवत नाहीत बाई," रंजना म्हणाली. "गळ्यात पडून रडतात."

तरी चित्रण आलं. परतीच्या बसमध्ये तिने ते पाहिलं. पडद्यावरची बाई आधी तिला ओळखूच येईना. मग तिने ते पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं ते निराळ्या नजरेने, एखादी नवी वीण शिकायची असली की बाई उसवून बघते तसं. घरी आल्यावर तिने फोन मडक्याला टेकवून ठेवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

डावा खांदा वर. हनुवटी छातीला. श्वास बंद. तोंडातून 'दार' आणि पुढे काही नाही.

दत्तू बाहेरून आला, उंबऱ्यात थबकला. "काय करून राहिली?"

"शिकून राहिले."

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले आणि तिच्याकडे बघत राहिला. या बाईचं कापणं त्याच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं अंगावर गोधडी टाकून, मूठ सोडवून, दातांत चमचा घालून त्याने ते निस्तरलं होतं.

"मूठ आधी," तो म्हणाला. "खांदा मागून. आणि मूठ अशी नाही वळायची. अंगठा आत जायचा."

तिने अंगठा आत घेतला.

"कापरं गुडघ्यातून आण. वरून आणलं की थंडी वाजल्यासारखं दिसतं."

"असं?"

"हं," दत्तू म्हणाला, आणि उठून मोरीत गेला. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

*

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा ईश्वरी आईची पैठणी न्यायला आली. ती रंजनाच्या पेटीत होती. दत्तूने तिला बसायला पाट दिला आणि पाणी आणायच्या निमित्ताने निघून गेला.

रंजनाने पैठणी तिच्यासमोर ठेवली आणि स्वतःही खाली बसली. "तुझ्या आईनं एकदाच नेसली होती," ती म्हणाली. हे खरं होतं. "त्या दिवशी ते दार..."

उजवी मूठ वळली, अंगठा आत गेला. डावा खांदा चढला, श्वास थांबला. गुडघे जमिनीवर तडतडू लागले.

ईश्वरी आधी नुसती बघत राहिली. तिचा चेहरा दगडासारखा होता. मग हळूहळू तो फुटला.

"मावशी."

"दार," रंजना म्हणाली.

"बास. नको बोलू. बास." ईश्वरी पुढे सरकली आणि तिच्या गळ्यात पडली. "मला वाटलं, तुला काही राहिलंच नाही. त्या दिवशी असं का नाही गं सांगितलंस? एवढंच पाहिजे होतं मला. एवढंच." आणि मग तिला हुंदका फुटला, अकरा वर्षांचा, आईच्या नावाचा. रंजनाचे खांदे धरून ती हलत होती. "तूच बसायचं पाटावर. आत्याला मी सांगते. तूच बसायचं."

रंजनाने मान हलवली आणि कापत राहिली. पोरीचे केस तिच्या गालाला लागत होते, त्यांना फवारणीच्या औषधाचा वास येत होता. पोर परत आली होती. तिचं ऊन ऊन पाणी रंजनाच्या मानेवरून खाली चाललं होतं, आणि आत काळीज दुपारच्या झोपेत चालतं तसं संथ चाललं होतं.

चित्रणात चार मिनिटं लागली होती. समोरच्या घड्याळात अजून अडीचच मिनिटं झाली होती. मांडी घातलेल्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय हलवला नाही.